क्रूरसेनाची वाटणी

अडतीस वर्षं मी आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात क्रूरसेन राजा म्हणून मरतोय. माझ्याआधी बाप मरायचा. मानकोलीपासून वडप्यापर्यंत कुणालाही विचारा, केसरीनाथसारखा मरणारा दुसरा नाही. तलवार लागली की आधी हसायचं, मग तीन गिरक्या, मग धाडकन आडवं.

गेल्या वर्षी मात्र घोळ झाला. प्रधानाला "सुळावर द्या" म्हणायचं, तर मी "जाऊ द्या" म्हणून बसलो. प्रधान निघून गेला. प्रधान सुळावरच गेला नाही, तर राजपुत्र बंड कशाला करणार? नाटक दीड तास आधीच संपलं आणि मला मरायलाही मिळालं नाही.

झालं! मंडळाचा अध्यक्ष धनेश स्टँपपेपर घेऊन दारात हजर. गोदामांसाठी जमिनी विकल्यापासून गावाला ही सवयच लागलीय, कुंपणाचा खांब हलवला तरी स्टँपपेपर.

"काका, वय झाला तुमचा. राजा आता भूपेशच्या नावावर करा."

भूपेश म्हणजे त्याचा मेहुणा. त्याला धड शिंकता येत नाही, तो काय डोंबल मरणार! पण सगळं गाव एका बाजूला. मी म्हटलं, बरं, यंदा शेवटचं मरू द्या, मग करतो सही. तर धनेशनं सोबत आणलेला वकील म्हणाला, भूमिका वडिलोपार्जित आहे, बहिणीचीही सही लागेल.

आक्का, माझी थोरली बहीण, पडघ्याला दिलेली. वय चौऱ्याहत्तर. जमीन विकली तेव्हा तिनं मुकाट सही केली होती. आता तिनं चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला.

"जमिनीला केली. ह्याला न्हाय करनार. मना माजा हिस्सा पायजे."

"आगो, नाटकात कसला हिस्सा?"

"बापाचा हाय ना? मंग अर्धा माजा."

धनेशनं डोकं धरलं. वकील म्हणाला, बाई बरोबर बोलतात. मग मोजणी झाली. नाटकाची वही चौसष्ट पानांची, पहिली बत्तीस माझी, पुढची बत्तीस तिची. आणि मरण निघालं त्रेसष्टाव्या पानावर!

मी हातापाया पडलो. दरबार घे, सिंहासन घे, मरण तेवढं सोड म्हटलं. ती म्हणाली, "मोजनी झाली." शेवटचं मरणसुद्धा आपलं राहू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

जत्रेला बत्तिसाव्या पानापर्यंत मी राज्य केलं. पान वाक्याच्या मध्येच संपत होतं, तिथंच मला विंगेत घेतलं आणि उरलेलं वाक्य बोलत आक्का आली. नऊवारीवर मुकुट, काजळाची मिशी. लोक आधी फिदीफिदी हसले, मग मंडप चिडीचूप. बाई एका शब्दाला चुकली नाही. प्रॉम्प्टर चिंधू वही मिटून नुसता बघत बसला.

शेवटी राजपुत्रानं तलवार मारली. आक्का उभीच. त्यानं पुन्हा मारली. तरी उभीच. तिसऱ्यांदा मारल्यावर तिनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि माझ्याकडं वळली.

"केसरी, ये रं. पडतात कसं, दाखव."

"येवढं पाठ हाय, आन् ह्येच न्हाय?"

"आयकलंय सगलं. बगलं कवा? दर जत्रेला माहेरी यायची ती तुमच्या नटांच्या भाकऱ्या थापायला."

माईक चालू होता. अख्ख्या मंडपानं ऐकलं. ही कुठं बसून नाटक बघते, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मान खाली घालून मंचावर गेलो. तिचा हात धरला. दोघं हसलो, तीन गिरक्या घेतल्या आणि एकमेकांना सांभाळत आडवे झालो. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं.

आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "बस? येवढंच?"

"येवढंच, आक्का."

"आन् येवढ्यासाठी मना जलमभर चुलीपुढं बसवलंत?"

तेवढ्यात धनेश कागद आणि पेन घेऊन थेट मंचावर आला. मी पडल्या पडल्याच भूपेशचं नाव खोडलं, वर आक्काचं लिहिलं आणि माझी बत्तीस पानंही तिला देऊन टाकली.