पाण्याच्या नोटिशीतला शब्द

नळानं खाकरल्यासारखं केलं. आधी नुसती हवा, मग चार शिंतोडे, मग धार. सुट्टीच्या दुपारी घर इतकं शांत होतं की तो आवाज माजघरापर्यंत आला. एरवी पाणी आलं की दोघी जावा हातातलं टाकून धावायच्या आणि दर वेळी थोरलीच आधी पोचायची. आज थोरली जागची हलली नाही. खिडकीशी बसून ती भिंगरीच्या फ्रॉकला गुंडी लावत होती. दातानं दोरा तोडत म्हणाली, "वाहू दे. धुण्याभांड्यापुरतं भर हवं तर. प्यायचं बाटलीतलं आहे."

धाकटीनं मुकाट्यानं बादली लावली. भिंगरी तिच्यामागोमाग आली. सहा वर्षांची पोर, एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून नाव भिंगरी.

"आई, नळाच्या पाण्यानं बाळं जातात ना?"

"कोण म्हणालं?"

"मोठीआई. आणि चष्मेवाले आजोबा."

धाकटीनं धारेखालची बादली सरळ केली. ही सगळी गोष्ट तिच्याच बोटांतून सुरू झाली होती.

ती नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून होती. तलावाचं पाणी शुद्ध करायला नवं केंद्र बांधायचं ठरलं, त्यावर लोकांच्या हरकती मागवायची नोटीस काढायची होती. साहेब घाईत होते. म्हणाले, "बाई, आरोग्य खात्याची परवाची नोटीस आहे ना, त्याच साच्यात बसवून टाका." ती नोटीस होती भटक्या कुत्र्यांची. धाकटीनं कुत्रे काढले, पाणी घातलं. तारीख बदलली, जागा बदलली. त्या दिवशी भिंगरीला ताप होता आणि घरून दोनदा फोन येऊन गेला होता. निर्जंतुकीकरण लिहायचं तिथं कुत्र्यांचं निर्बीजीकरण तसंच राहिलं. 'शहरातील पाण्याचे निर्बीजीकरण करण्यासाठी नवीन केंद्र प्रस्तावित असून नागरिकांनी आपल्या हरकती नोंदवाव्यात.' साहेबांनी न वाचता सही केली, छापखान्यानं न वाचता छापली. वाचली ती एकट्या चष्मेवाल्यांनी.

चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर 'डोळस नागरिक मंच'. रस्त्यावरच्या नव्या दिव्यांतून आपल्यावर नजर ठेवतात, असं ते आधी सांगत असत. ते फारसं चाललं नाही, कारण निम्मे दिवे बंदच असत. वॉर्डाची निवडणूक तोंडावर आली होती, त्यात ही नोटीस म्हणजे आयतं कोलीत. पाण्यात असं काही घालणार की पुढच्या पिढ्याच होऊ नयेत, आणि ते खुद्द नगरपालिकेनं लिहून दिलंय! दुसऱ्याच दिवशी शुद्धिपत्रक निघालं. चष्मेवाल्यांना ते मूळ नोटिशीहून जास्त आवडलं. "साधी चूक होती तर एवढी धावपळ कशाला?" असं म्हणत त्यांनी त्याच्या प्रती घरोघर वाटल्या.

आणि धाकटी रातोरात शूर ठरली. मंचाच्या लोकांचं म्हणणं असं की सत्य तिच्या पोटात राहिना, म्हणून बोटातून उतरलं. भाजीवाली तिचा हात दाबून म्हणायची, "धीराची गं बाई तू!"

"मी कसली धीराची? मला पाल दिसली तर मी खुर्चीवर चढते."

"बरोबर आहे. तुला असंच म्हणायला हवं," असं म्हणून भाजीवाली डोळा मिचकावायची.

सुरुवातीला घरी हसणं झालं. ध चा मा म्हणतात तो असा, म्हणून धाकटीच्या नवऱ्यानं तिला आठवडाभर चिडवलं. एका संध्याकाळी थोरली दुकानातून चष्मा घेऊन आली ती उशिरा, आणि तिचे डोळे रडून सुजलेले, पण चेहरा कितीतरी वर्षांत नव्हता इतका मोकळा. त्या दिवसापासून घरातलं हसणं थांबलं.

थोरलीची दोन बाळं दिवस भरण्याआधीच गेली होती. दुसरी वेळ तर पार सातव्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी." नातेवाईक म्हणाले, जिने चढायला नको होते, शिवणाचं मशीन चालवायला नको होतं. थोरलीनं मशीन विकून टाकलं. पुढे भिंगरी झाली, धाकटी कामावर जाऊ लागली, तेव्हा थोरलीनं न सांगता पोरीला उचलून घेतलं. गेल्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि गल्लीतली निम्मी पोरं आजारी पडली, तेव्हा भिंगरीच्या तोंडाशी घमेलं धरून रात्र रात्र बसली ती थोरलीच. नवं केंद्र हवं होतं ते यासाठीच. पण चष्मेवाल्यांनी तिला स्टुलावर बसवून सगळं ऐकून घेतलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मधे न बोलता ऐकलं, आणि शेवटी म्हणालं, "यात तुमचा काही दोष नाही, ताई. पाण्यात हे आज नाही घालायला लागले, कैक वर्षं चालू आहे."

धाकटीनं एकदा प्रयत्न करून पाहिला.

"जाऊबाई, तो शब्द खरंच चुकून पडला हो."

"माहीत आहे. नोकरी आहे तुझी." थोरलीनं तिच्या कपाळावरची बट मागे सारली, भिंगरीची सारते तशी. "माझ्यापाशी नको गं सारवासारव करूस. तू लिहिलंस म्हणून मला झोप लागते आता."

धाकटी उठून कणीक मळायला लागली.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. सकाळीच साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, आज तुम्हीच उभं राहून सांगा कसं झालं ते. माझं कोण ऐकणार? माझी तर सहीच आहे त्यावर. एवढ्या हरकती आल्यात की आज नाही सावरलं तर केंद्र बासनात."

सभागृहात बसायला जागा नव्हती. माईक मधेच शिट्टी मारायचा. चष्मेवाले इस्त्रीचा सदरा घालून पुढे आले, दोन वाक्यांत आपली उमेदवारी सांगून मोकळे झाले आणि म्हणाले, "मी काय बोलू? ज्यांनी सोसलंय त्यांनी बोलावं." त्यांनी थोरलीला हात देऊन उठवलं. हात अदबीनं दिला, ते धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं असतं तर तिचं काम सोपं झालं असतं.

थोरली माईकपासून लांबच उभी राहिली, तरी ऐकू आलं, इतकी शांतता होती. "माझी दोन गेली," ती म्हणाली. "मी मशीन चालवायचे, म्हणून गेली असं मी धरून चालले होते. माझ्या जावेनं ते लिहिलं नसतं तर जन्मभर तसंच धरून चालले असते. तिचे उपकार आहेत माझ्यावर." मग तिनं गर्दीत धाकटीला शोधलं आणि तिच्याकडे बघून हसली.

टाळ्या पडल्या. साहेबांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटी उठली तेव्हा तिच्या डोक्यात साहेबही नव्हते आणि निवडणूकही. आत्ता गप्प बसलं तर थोरलीची झोप शाबूत राहील आणि भिंगरी पुढच्या पावसाळ्यात तेच गढूळ पाणी पिईल. बोललं तर... पण तोवर माईक तिच्या हातात आला होता.

"तो शब्द माझ्याकडून चुकून राहिला," ती म्हणाली. "निर्जंतुकीकरण हवं होतं. पाण्यातले जंतू मारायचे, एवढंच."

"घाबरू नका, ताई," चष्मेवाले मायेनं म्हणाले. "आम्ही आहोत तुमच्या पाठीशी. फक्त एवढं सांगा, पाण्याच्या नोटिशीत असला शब्द येईलच कुठून?"

धाकटीनं माईक तोंडाशी नेला. "कुत्र्यांच्या नोटिशीतून."

"काय?"

"भटक्या कुत्र्यांची नोटीस होती. त्यावरूनच मी ही बनवली. कुत्रे काढले आणि तो शब्द काढायचा राहिला."

मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं. मग एक लाटच आली. "अरे, कुत्र्यांचं पाण्याला लावलं!" कुणी भुंकून दाखवलं. चष्मेवाल्यांच्या मंचाची माणसंही तोंडावर हात धरून हसत होती. साहेब सुटल्यासारखे खुर्चीत रेलले. थोरली तशीच उभी होती. बसायचं असतं हे जणू ती विसरली होती.

चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की कर्मचाऱ्यावर दबाव आणलाय, आणि न हसलेल्यांपैकी निम्म्यांना ते पटलंही. निर्णय निवडणुकीनंतर घ्यायचा ठरला. भाजीवालीनं बाहेर हात दाबला नाही, नुसतीच मान फिरवली.

घरी येताना दोघी एकाच रिक्षात बसल्या. थोरली रस्त्याकडे बघत होती.

"जाऊबाई, मला तसं सगळ्यांसमोर..."

"कुत्र्यांची," थोरली म्हणाली. वळण गेल्यावर पुन्हा म्हणाली, "कुत्र्यांची होती होय." त्यात राग असता तर धाकटीनं पायच धरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ खाकरला. धाकटी हातातला कंगवा ठेवून उठेपर्यंत थोरली तिथं पोचलेली होती. तिनं पिण्याची कळशी विसळली, धारेखाली धरली. भरता भरता एक फुलपात्र भरून घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

भिंगरी केस विंचरायला आईच्या मांडीत येऊन बसली होती. तिनं ते सगळं पाहिलं.

"आई, मोठीआई नळाचं पाणी प्यायली!"

"हो. चांगलं असतं ते. उकळून घेतलं की आणखी चांगलं."

"मग तिची बाळं पाण्यानं नाही नेली?"

"नाही गं राणी."

कळशी भरून वाहायला लागली होती. थोरलीचा हात नळावर होता, पण ती नळ बंद करत नव्हती. तिनं मान वळवली होती आणि तीही धाकटीकडेच बघत होती.

भिंगरीनं वेणी आईच्या हातातून सोडवून घेतली आणि वळून विचारलं, "मग कुणी नेली?"