जिफमध्ये आवाज उरत नाही

सुनेने डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं. उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी सरसर वर सरकू लागल्या.

"आता काय चाललंय?" कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाईंनी विचारलं.

"स्क्रिप्ट चाललीय, आई. मी लिहून दिलेल्या सूचना यंत्र ओळीनं पाळतंय. रेकॉर्डिंगचे जिफ होतायत. छोटी हलती चित्रं. बिलाचा प्रोग्रॅम कसा वापरायचा ते दुकानदारांना दाखवायला."

"म्हणजे करतंय यंत्र आणि दमतेस तू. छान आहे."

सुनेने हातावरचं फडकं घट्ट केलं. साहेबांचा निरोप सकाळीच आला होता. चित्रातला बाण थरथरतो, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. संध्याकाळपर्यंत नीट करून द्या, नाहीतर काम दुसरीला देतो. दुपारभर ती तीच रेकॉर्डिंगं पुन्हा करत बसली होती. आत्ता तयार झालेलं चित्र तिने उघडलं. बाण बटणापाशी आला, अडखळला, थरथरला, मग कसाबसा टेकला. पुन्हा आला. पुन्हा अडखळला. जिफला थांबणं माहीतच नसतं.

"पाय मोडलाय का त्याचा?"

"कुणाचा?"

"त्या बाणाचा." सासूबाईंची नजर पडद्यावरून फडक्यावर गेली आणि तिथेच राहिली. एरवी एका हाताने उचलायची ते मोठं पातेलं सून गेला आठवडाभर दोन्ही हातांनी उचलत होती. नखरे मेले, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्याही होत्या.

हातातला टॉवेल त्यांनी घडी अर्धवट ठेवून बाजूला टाकला.

"सरक."

"आई, तुम्हाला नाही जमायचं."

"तुझ्या नवऱ्याला चालायला मी शिकवलं. हा त्याच्याहून धोंडा आहे का?"

माऊसला हात लागताच बाण पडद्याच्या कडेला जाऊन गडप झाला.

"कुठे उलथला मेला?"

"उचलू नका हो. टेबलावरूनच सरकवा. हळू."

"हळूच आहे मी. आता धावायचं वय राहिलंय का?"

बाण गोगलगायीसारखा निघाला, पण सरळ. सून त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

"चालेल. स्क्रिप्टमध्ये एक आकडा बदलला की वेग वाढवता येतो."

"आणि माझी बडबड? ती साहेबाला ऐकू जायची."

"नाही जात. जिफमध्ये आवाज उरत नाही."

"बरं आहे. शिव्या घरातल्या घरात राहिलेल्या बऱ्या."

एक रेकॉर्डिंग झालं, मग दुसरं. तिसरं चालू करून दिलं तोच सुनेला गॅसवरचं दूध आठवलं आणि ती आत धावली. बाहेर सासूबाईंचं यंत्राशी काहीतरी चाललं होतं. शब्द कळत नव्हते.

सगळी झाल्यावर त्या कंबर धरून उठल्या.

"बस तिथेच. भांडी मी घासते. तुझ्या हातून काही फुटलं तर आणखी ताप."

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचा रिकामा भाग कापायचा होता, म्हणून सुनेने ती एकेक करून उघडली. तिसऱ्यात बाण सावकाश चालत होता आणि मागून दमलेला आवाज येत होता.

"चल रे बाबा, नीट चाल. तुझ्यापायी पोरीचं काम जायला नको. काम काय, दुसरं मिळेल. हात कुठून आणायचा? बोलायची नाही. मी एवढी तोंड सोडते, तर मेली रडतसुद्धा नाही... आता हे बटण कुठे गेलं?"

आत भांड्यांची आदळआपट चालली होती. मोठं पातेलं सगळ्यात जास्त वाजत होतं.

जिफ तयार झाले की मूळ रेकॉर्डिंगं पुसून टाकणारी ओळ स्क्रिप्टच्या शेवटी होती. जागा अडते म्हणून तिनेच लिहिलेली. त्या ओळीच्या आधी तिने डाव्या हाताने एक खूण टाकली. ती दिसली की यंत्र ती ओळ सोडून देतं. मग तिने एंटर दाबलं.

चित्रं गेली. थोड्या वेळाने साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं: चालेल. पडद्यावर बाण तरण्या पोरीसारखा झपाझप बटणापाशी जात होता, पुन्हा पुन्हा, कुठेही न अडखळता.

"गेलं का गं?" आतून हाक आली. "माझं काही राहिलं नाही ना त्यात?"

"नाही, आई," सून म्हणाली.