दव सुकल्यावरची शाळा

"अगं ए कुंदुझ, हात चालव! सूर्य काय तुझा मामा लागतो व्हय, तुझ्यासाठी थांबायला?"

अपा, म्हणजे तिची आई, ओरडली, आणि कुंदुझनं दातओठ खात घेवड्याचं आणखी एक झाड मुळासकट उपटून ओळीत आडवं टाकलं. बाह्या कोपरापर्यंत चिंब, बोटं हिरवीकाळी, आणि थंडी अशी की नाक आपलंच आहे का शेजारणीचं तेही कळू नये. अता, म्हणजे बाप, ट्रक घेऊन रशियात, थोरला भाऊ त्याच्याबरोबर. रानात उरल्या दोघी, आई आणि लेक. आणि समोर पसरलेला घेवडा.

तलासच्या खोऱ्यात सप्टेंबर लागला की घेवडा पिकतो, आणि पिकलेल्या घेवड्याएवढं माजोरी पीक दुसरं नाही. अंगावर दव आहे तोवर गरीब गाय. हवं तसं उपटा, हवं तिथं टाका. पण एकदा का ऊन चढलं, शेंगा कडक झाल्या, की नुसतं बोट लावायचा अवकाश, तडाड्! दाणे मातीत. कबुतरांची चंगळ आणि माणसाच्या हातात टरफलं. म्हणून उपटणी करायची ती उजाडल्यापासून दव सुकेतो. दुपारी मग सावलीला बसून दाणे निवडायचे. सगळं कसं सोयीचं. फक्त शाळा तेवढी नेमकी सकाळची!

घण्, घण्, घण्. शाळेच्या अंगणात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा वाजला. कुंदुझनं मान वर केली.

"वाजू दे," अपा म्हणाली. "त्याला काय, रोजच वाजतंय."

तेवढ्यात बांधावर पांढरी जुनी मोटार थांबली आणि काचेतून झापार आगायचं डोकं बाहेर आलं. झापार आगाय म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. इकडं मास्तरांना सगळे आगायच म्हणतात. त्यांना नववीच्या वर्गातली सगळी नावं तोंडपाठ होती, आणि ती ते रानारानातून मोठ्यानं पुकारत चालले होते.

"बेगिमाय?" त्यांनी पलीकडच्या रानाकडं बघत हाक दिली आणि आपणच उत्तर दिलं, "गैरहजर! एर्मेक? गैरहजर! कुंदुझ?"

"दिसतेय की मी, आगाय!" कुंदुझ ओरडली.

"गैरहजर!" आगाय म्हणाले. "सुगी संपली की परीक्षा आहे. नापास होईल त्याला दहावीत जागा नाही. पोरांनी ट्रॅक्टरवर बसायचं, पोरींनी शिलाई शिकायची. मग म्हणू नका, आगायनं सांगितलं नव्हतं."

"आगाय, घेवडा आमच्यासाठी थांबत न्हाई!"

"मग दहावी कशाला थांबेल?" असं म्हणून मोटार धूर सोडत गेली.

अपानं कुंदुझच्या दंडाला चिमटा काढला. "जीभ आवर! मास्तर हाय त्यो."

"असू दे की! मी काय खोटं बोलले?"

"खरं बोललीस म्हणूनच सांगतेय." अपा पुन्हा वाकली. आणि घेवड्यालाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "तुझी आत्या म्हणत व्हती, शहरात तिच्या दुकानात मशीन मोकळंच हाय. शिलाई काय वाईट न्हाई."

कुंदुझनं पुढचं झाड हिसडून उपटलं. शिलाई वाईट नाही हे तिलाही कबूल होतं. पण वसंतात तिला एक शोध लागला होता. फळ्यापुढं खडू घेऊन उभं राहिलं की तिचे पाय लटपटत नाहीत. गणित सुटतं. एवढंच नाही, सुटताना मजा येते! हे असं काही आपल्यात आहे हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आता सापडलंय तर शिवणयंत्राखाली घालायचं?

"मी दहावीत जाणार," ती म्हणाली. "घेवडा उभा राहिला तरी आन आडवा झाला तरी."

"आधी आडवा तर कर!"

दोन दिवसांनी त्यांच्या घरावर केझू आली. केझू म्हणजे मेंढरं राखायचा वार. सगळ्या गल्लीची मेंढरं एकत्र करून आज या घरानं डोंगरावर न्यायची, उद्या त्या घरानं. एक माणूस राबतो, बाकीची घरं मोकळी. कायदा एकच, आणि तो कडक. मेंढरू हरवलं तर राखणाऱ्यानं शोधून आणायचं, नाहीतर स्वतःच्या गोठ्यातलं द्यायचं. पाऊस होता, लांडगा होता, डोळा लागला, असलं काही कुणी ऐकून घेत नाही.

अपा उपटणीला, म्हणून कुंदुझ मेंढरांमागं. दगडावर बसून, ओच्यातली रोटी चावत ती खाली बघत होती. खाली सगळं खोरं घेवड्यानं पिवळं झालेलं, त्यात मुंगीएवढी वाकलेली माणसं. एवढी मेंढरं, बेगिमायच्या घरची, एर्मेकच्या घरची, आणि राखायला एकटी मी. म्हणून ती दोघं आज निवांत उपटतायत.

रोटीचा घास तोंडातच राहिला.

"अगं बाई!" ती एका मेंढीला म्हणाली. "धड्यांची बी केझू का न्हाई?"

मेंढीनं काही हरकत घेतली नाही.

संध्याकाळी तिनं वर्गातल्या सगळ्यांना कालव्याच्या पुलावर गोळा केलं. "रोज एकानं शाळंत जायचं. बाकीच्यांनी त्याच्या वाटणीचा घेवडा उपटायचा. दुपारी निवडायला बसलो की जाऊन आलेल्यानं सगळा धडा शिकवायचा. हात दाण्यात, कान धड्यात."

"आन धडा हरवला तर?" एर्मेकनं विचारलं. एर्मेक म्हणजे वर्गाचं गमतीचं गाठोडं. अंगानं दणकट, अभ्यासाला कच्चा.

"केझूचा कायदा! हरवला तर शोधून आणायचा."

"आन आमच्या गोठ्यातलं द्यायचं म्हटलं तर? आमच्या गोठ्यात धडाच न्हाई."

बेगिमाय एवढी हसली की पुलाच्या कठड्याला धरावं लागलं.

घरी मात्र हसण्यावारी गेलं नाही. अपानं चहाचा वाडगा खाली आपटला. "माझ्या लेकीनं दुसऱ्याचा घेवडा उपटायचा? कशापायी? माझाच उपटून होईना!"

"मग आपली मेंढरं दुसरी माणसं का राखतात, अपा?"

"मेंढरांची गोष्ट येगळी."

"कशी येगळी?"

अपानं वाडग्यात चहा ओतला. "लई शिकलीस तू," ती म्हणाली. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते कुंदुझला कळलं नाही. पण नाही म्हणाली नव्हती. तेवढं पुरे!

मग काय विचारता! दुपार झाली की बेगिमायच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली पोतं अंथरायचं, घेवड्याचा ढीग ओतायचा आणि भोवतीनं सगळ्यांनी बसायचं. लाल दाणे एकीकडं, पांढरे एकीकडं, खडे मांजराच्या दिशेनं. बेगिमायनं इतिहास असा सांगितला की खान मेला तेव्हा तिची आजी डोळे पुसायला लागली. कुंदुझनं भूमिती शिकवली ती मातीत काठीनं. गंमत अशी की जो शाळेत जाई तो पूर्वी कधी नव्हे एवढे कान टवकारून बसे. मागं एवढी माणसं वाट बघतायत, रिकाम्या हातानं जायचं कसं?

एर्मेक गेला रिकाम्या हातानं. म्हणजे आला.

"वर्गसमीकरण," त्यानं मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. "विवेचक काढायचा. तो अधिक आला तर उत्तम. उणे आला तर… उणे पुसून टाकायचं आन पुढं जायचं."

"पुसायचं?" कुंदुझचा हात दाण्यात थांबला.

"पुसायचं. एजे सोता म्हणाल्या." एजे म्हणजे गणिताच्या बाई.

कुंदुझनं काठी उचलली. मातीत लिहिलं, क्षचा वर्ग अधिक दोन क्ष अधिक पाच, बरोबर शून्य. विवेचक उणे सोळा आला. एर्मेकच्या पद्धतीनं उणे पुसलं. एक उत्तर निघालं, क्ष बरोबर एक.

"बरं. आता एक परत घालून बघू." तिनं पोत्यावर एक दाणा ठेवला. मग दोन. मग पाच. "मोज."

"आठ," बेगिमाय म्हणाली.

"एर्मेक, हे आठ दाणे शून्य हायत व्हय रं?"

एर्मेकनं दाण्यांकडं बघितलं. "मी खाल्ले तर व्हतील."

"झोपला व्हतास!"

"जरासा डोळा…"

"मेंढरू हरवलं!" सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "जा, शोधून आण!"

बिचारा गेला. दिवस मावळायला परत आला तो चिखलानं माखलेला. बाईंनी त्यांच्या परड्यातले बटाटे खणायला लावले होते आणि खणता खणता धडा पुन्हा सांगितला होता.

"सापडलं!" तो लांबूनच ओरडला.

"कुठं व्हतं?"

"नव्हतंच! विवेचक उणे आला की वास्तव संख्येत उत्तरच न्हाई. आन उत्तर न्हाई हेच ल्ह्यायचं. पुसायचं न्हाई, घाबरायचं न्हाई, सरळ ल्ह्यायचं, न्हाई!"

तो धडा मग जन्मात कुणी विसरणार नव्हतं.

असं सगळं सुतासारखं चाललेलं असताना एका दुपारी बेगिमाय शाळेतून धावत आली, धापा टाकत, ओढणी खांद्यावर गळालेली. "परीक्षा उद्या! उद्या सकाळी, पहिल्याच तासाला! जिल्ह्याला निकाल लवकर पायजे म्हणून आगायनी अलीकडं घेतली. जो येणार न्हाई तो नापास!"

उद्या! आणि आकाशाकडं बघून म्हातारे सांगत होते की उद्या दुपारपासून गरम वारा सुटणार. वारा सुटला की उभा घेवडा फुटलाच. उद्या सकाळी प्रत्येक रानात प्रत्येक हात लागणार होता.

"मी दोनी करणार," कुंदुझनं घरी जाहीर केलं.

"दोन कुंदुझ हायत का माझ्याकडं?" अपा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, आणि तेच कुंदुझला जास्त लागलं. "पोरी, मला तुझी दहावी नको व्हय? पण हे रान गेलं तर हिवाळ्यात काय उकडू? विवेचक?"

कुंदुझनं पुस्तक मिटून उशाला ठेवलं.

उजाडताना ती अशी उपटत सुटली की अपा मागं पडली. झाड, ओळ, झाड, ओळ. रूळ वाजला. घण्, घण्, घण्. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं चिखलाच्या हातानं पुसलं, आणि तोंड आणखीच काळं झालं. त्यांच्या रानाच्या कडेला ऊन आलं तेव्हा शेवटची ओळ आडवी झाली होती. पण पहिला तास केव्हाच सुरू झालेला.

आणि तेवढ्यात बेगिमाय बांधावरनं पळत आली. ती हसत होती. एवढी हसत होती की शब्द फुटेना.

"आगाय…" तिनं पोपलरच्या झाडांच्या रांगेकडं बोट केलं. "आगाय घेवडा उपटतायत!"

खरंच की! पोपलरच्या सावलीतल्या आपल्या रानात झापार आगाय रबरी बूट घालून, शर्टाच्या बाह्या सारून, वाकून उपटत होते. बायको माहेरी, कामाला सांगितलेली माणसं आलीच नाहीत, आणि वारा काय मुख्याध्यापकाला ओळखत नाही. शाळेतली परीक्षा? प्रश्नपत्रिका कपाटात, आणि कपाटाची किल्ली आगायच्या खिशात!

वाटेत एर्मेक भेटला, बाकीचे भेटले. सगळी वरात पोपलरपाशी पोचली. कुंदुझ बांधावर उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि रान दुमदुमेल असं पुकारलं,

"झापार आगाय?"

आगाय दचकून सरळ झाले.

"गैरहजर!" कुंदुझनंच उत्तर दिलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप झालं. आगायचा चेहरा आधी लाल झाला, मग आणखी लाल. "जीभ फार लांब झालीय तुझी, कुंदुझ!"

"व्हय आगाय. पण हितं सावलीला दव अजून हाय. भांडायला सगळी दुपार पडलीय." तिनं बाह्या वर सारल्या. "आमची रानं उरकली. तुमचं बी उरकतो. मग दव सुकलं की परीक्षा घ्या. दव सुकल्यावर कुणाला घेवड्याचं काम नसतं. ना आम्हांला, ना तुम्हांला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर एकटं उपटा," कुंदुझ म्हणाली. तिचे पाय लटपटत नव्हते, अगदी फळ्यापुढं असावेत तसे. "आमी बांधावर बसून अभ्यास करतो."

आगायनी उरलेल्या ओळींकडं बघितलं. आकाशाकडं बघितलं. मग एका बाजूला सरकून त्यांनी ओळीत जागा करून दिली.

परीक्षा दुपारी झाली. सगळ्यांच्या कागदावर हिरवी बोटं उमटली होती. बाहेर वारा पोपलर वाकवत होता. चौथ्या प्रश्नापाशी एर्मेकनं वर बघितलं आणि कुंदुझकडं बघून डोळा मारला. विवेचक उणे होता. एर्मेकनं मोठ्या अक्षरात लिहिलं, उत्तर नाही, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याच संध्याकाळी निकाल आगायनी उभ्याउभ्या वाचला. वर्गात एकही नापास नव्हतं. कौतुकाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. कागदाची घडी केली, चष्मा खिशात घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कालव्याकाठच्या उशिरा पेरलेल्या, वाऱ्यात न फुटलेल्या तुकड्यात उपटता उपटता अपा थांबली. कान दिला. "आज रूळ वाजला न्हाई गं?"

कुंदुझनंही कान दिला. नुसती चिमण्यांची कलकल. ओळ पुढं सरकत राहिली, ऊन डोंगरावरून खाली आलं, बांधावर आलं, घेवड्यावर आलं. शेंगा चमकायच्या थांबल्या.

आणि मग, घण्, घण्, घण्.

अपा कंबरेवर हात देऊन सरळ झाली. लेकीकडं बघितलं. "काय बघतीस? पळ की!"

"एवढी ओळ ऱ्हायलीय, अपा…"

"ओळ सुकली. आता हात लावलास तर हात तोडीन. पळ! आन त्या तुझ्या आत्याला मी सांगते, मशीन दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

कुंदुझ पळाली. पोपलरच्या वळणावर झापार आगाय दिसले, बुटांना चिखल, काखेत पुस्तकं, घाईघाईनं शाळेकडं निघालेले.

"आगाय! आज हजर!"

"माझ्याआधी पोचलीस तर!" आगाय न वळताच म्हणाले, आणि त्यांनी पावलं उचलली.

काय सांगावं, ती अशी सुटली, अशी सुटली, की आगायच्या अंगावर नुसती धूळ उडाली.