थंड खोलीची सरासरी

सगळी संस्था तिला मावशी म्हणायची. सख्खी भाची मात्र तिला एकही नव्हती. एकवीस वर्षं ती बियाण्यांची थंड खोली सांभाळत होती. दिवसातून तीनदा दार उघडायचं, थर्मामीटर बघायचा, आकडा वहीत टाकायचा, दार लावायचं. शाळा चौथीत सुटली, पण आकडे असे टपोरे काढायची की शिकलेल्यांनी लाजावं. आकडा कधी साडेतीन, कधी साडेचार. "माझी खोली म्हणजे चार," असं ती म्हणायची, आणि त्यावर कुणाची तोंड उघडायची टाप नव्हती.

तिची सून त्याच संस्थेत प्रोग्रामिंग शिकवायची. म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम कसे सोडायचे ते. घरात नवरा ऐकत नाही तिथे यंत्र कसं ऐकतं, हे मावशीला कधी उमगलं नव्हतं. सकाळी सून म्हणाली, "आई, तुमची गेल्या वर्षाची वही ऑफिसने कॉम्प्युटरात भरलीय, तिच्यावरच आज शिकवणार आहे. बारावी खुर्ची रिकामी आहे, येऊन बसा." मावशीने नवं लुगडं नेसलं.

वर्गात अकरा माणसं आणि अकरा तऱ्हा. पहिल्या रांगेत एक चष्मेवाला. सुनेचा प्रश्न संपायच्या आत याचं उत्तर तयार, वर जांभई. त्याच्या शेजारी बियाण्यांच्या डॉक्टरीणबाई. जाड जाड पुस्तकं लिहिलेली बाई, पण एकेक अक्षर शोधताना बोट असं फिरत होतं, जणू अंधारात कडी चाचपतेय. सगळ्यात मागे साहेब, हाताची घडी घालून.

सुनेने प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या दिल्या. जमलं की कॉम्प्युटरवर हिरवी चिकटवायची, अडलं की गुलाबी. "म्हणजे मला न विचारता कळतं," ती म्हणाली. मावशी तिथेच गोंधळली. अडलं तर तोंडाने सांगायला काय झालं?

पुढे तर सगळंच डोक्यावरून गेलं. सरासरी म्हणजे सगळे आकडे एकत्र करून सारखे वाटायचे, एवढं कळलं. मग सुनेने एक ओळ लिहिली, सगळ्यांनी ती उतरवली, बटणं दाबली. पटापट हिरव्या चिठ्ठ्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मेवाल्याच्या पडद्याकडे बघितलं आणि त्यांनीही हिरवी लावली.

"नऊ पूर्णांक दोन दशांश," चष्मेवाला म्हणाला.

साहेबांची घडी सुटली. "नऊ? थंड खोली वर्षभर नऊ अंशावर? अहो, मग आतलं बियाणं फेकायच्या लायकीचं झालं! मावशी, काय हो हे?"

मावशीच्या कानात गरम वारं शिरलं. नऊ? अकरा माणसं, अकरा यंत्रं, सगळ्यांचं उत्तर एक. सगळे मिळून खोटं कशाला बोलतील? मग चुकलं कोण? दार उघडं राहिलं होतं का? डोळे अधू झाले? डोळे अधू होतात ते माणसाला कळतं तरी का? पण नऊ अंशात अंगावर काटा येत नाही, आणि तिच्या अंगावर तर तो रोज तीनदा येत होता. आता स्वतःच्या कातडीवर विश्वास ठेवायचा की अकरा जणांवर?

समोर कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तिने गुलाबी चिठ्ठी टेबलावरच थापली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"काय अडलं, आई?" सून भर वर्गात आई म्हणून बसली आणि लाजली.

"काय अडलं ते कळत असतं तर ही लावली असती का? आकडे दाखव मला."

"हजाराच्या वर आहेत हो."

"असू देत. धान्य निवडताना काय चार दाणे बघून उठतेस? हो, उठतेसच म्हणा."

वर्ग हसला. सून आकडे सरकवू लागली. चार, चार, साडेतीन, चार... नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव.

चष्मेवाल्याची जांभई अर्ध्यातच थांबली. "नव्याण्णव अंश? यात बियाणं शिजेल!"

"शिजेल कसं? थर्मामीटर फुटला होता. वीस दिवस नवा आला नाही. जुने साहेब सांगून गेलेत, आकडा नसला तर नव्याण्णव टाकायचा. जागा रिकामी दिसली की तपासणीवाले म्हणतात, बाई आलीच नाही. आता हे काय सांगायला हवं? नव्याण्णव अंशाची थंड खोली कुणी बघितलीय?"

मग डॉक्टरीणबाईंनी हळूच आपली हिरवी काढली आणि गुलाबी लावली. "मला मघापासून काहीच कळलं नाहीये," त्या म्हणाल्या. "लाज वाटत होती."

"मीही आकडे न बघताच शिकवायला लागले," सून म्हणाली. तिने ते साठ नव्याण्णव पुसले, पुन्हा बटण दाबलं. उत्तर आलं चार.

साहेब हसले. "सुटलो! मावशी, खोली तुमची चारच."

मावशी हसली नाही. ती पडद्यावरच्या रिकाम्या चौकटींकडे बघत होती. "माझे वीस दिवस कुठे गेले?"

"रिकामे ठेवलेत. यंत्र आता ते मोजत नाही."

"म्हणजे मी आलेच नाही?"

"तसं नाही हो आई..."

"रोज तीनदा दार उघडून कोपरापर्यंत हात आत घालत होते. गार लागतंय ना, बघत होते. ते कुठे आहे यात?"

सून कीबोर्डकडे वळली. मग तिने आकड्यांच्या शेजारी एक नवा रकाना उघडला आणि 'थर्मामीटर बंद, मावशी हजर' असं लिहिलं. चष्मेवाला म्हणाला, "साठ वेळा कशाला लिहिताय? थांबा." त्याने पुढे येऊन एक ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि साठही चौकटी पापणी लवायच्या आत भरल्या.

"झालं, मावशी. काढा ती गुलाबी चिठ्ठी."

मावशीने चिठ्ठीवर हात ठेवला, पण काढली नाही.

"एका ओळीत साठ वेळा हजर?" ती म्हणाली. "मी तर साठ वेळा चालत गेले होते."