शेजारची सीट

तिने पाय होता तेवढा ताणला, तरी फूटरेस्टला अंगठासुद्धा टेकेना. पाठ सीटला लावावी तर पाय लोंबकळतात, पाय टेकवावेत तर पाठ सुटते. मोठ्यांच्या खुर्चीत पोराला बसवावं तशी तिची गत झाली.

"अरे, काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "फूटरेस्ट फार पुढे गेलाय."

नवरा बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. ते त्याने बाहेर काढलं नाही.

"चुकलं नाहीये."

"माझं माप घेतलं होतंस ना? खडूने खुणासुद्धा केल्या होत्यास."

"हो."

"मग?"

पान्याची करकर थांबली. "सांगणारच होतो तुला. शेजारी लंबू बसणार आहे."

लंबू म्हणजे त्याचा रॅलीवाला मित्र, तिच्यापेक्षा हातभर उंच. रॅलीच्या गाडीत शेजारची सीट मागेपुढे सरकत नाही. बसणाऱ्याचं माप घेऊन ती बोल्टने जखडायची आणि फूटरेस्ट गाडीच्या तळाला वेल्ड करायचा, म्हणजे गाडी कितीही आदळली तरी माणूस जागचा हलत नाही. वेल्डिंग काही एका झटक्यात होत नाही. म्हणजे लंबूला इथे बसवून, त्याच्या गुडघ्यांना टेप लावून, सगळं ठरवून झालं होतं. तेही ती कामावर गेली असताना.

मुळात ही गाडी तिची. वडिलांनी चालवणं सोडलं तेव्हा तिला दिलेली, चार दारांची, जड, म्हातारी गाडी. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी, "हिची रॅलीची गाडी करू या का गं?" असं विचारलं, तेव्हा ती आधी हसली आणि मग लगेच हो म्हणाली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की नवराबायको दूध, गॅस आणि नळाचं पाणी एवढ्यावरच बोलायला लागतात. यांचंही तसंच झालं होतं. गाडी मागच्या शेडमध्ये आली आणि घरात बोलणं आलं.

सुट्टीचा एक दिवस वाया जात नव्हता. मागची सीट, गालिचे, दारांचे पुठ्ठे, सगळं ओरबाडून काढलं. पत्र्यावरचा डांबराचा थर ती गुडघे टेकून खरवडत बसायची. गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा वेल्ड करताना पाइप धरायला तीच होती; तिच्या एकाही जुन्या कुडत्याची बाही ठिणग्यांच्या भोकांवाचून राहिली नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लोकांच्या सुना सोनं मागतात, आमची पाइप मागते!" आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

ठरलं होतं ते एवढंच, की तो चालवणार आणि ती वाचणार. रॅलीत चालवणाऱ्याला पुढचं वळण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शेजारी बसणारा कागदावरून प्रत्येक वळण आधीच सांगतो आणि चालवणारा डोळ्यांपेक्षा कानांवर गाडी हाकतो. ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. भर गर्दीत आवाज न चढवता ऐकू जाईल असं बोलणं हीच तिची रोजी होती. संध्याकाळी सोफ्यावर तो डोळे मिटून, हातात कुकरचं झाकण स्टिअरिंगसारखं धरून बसायचा आणि ती वाचायची. झाकण आणि आवाज एकदम वळायला लागले, तेव्हा दोघांनाही लग्न नवं झाल्यासारखं वाटलं होतं. निदान तिला तरी.

ती सीटमधून उतरली. "मला का नाही?"

"लंबू तीन रॅल्यांत बसलाय. त्याला माहिती आहे सगळं."

"मी वाचते तेव्हा तुझं एक वळण चुकत नाही."

"सोफ्यावर नाही चुकत. तिथे रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर?"

"परवा घाटात कोणी बदललं? तू फोनवर होतास."

"अगं, तिथे सगळे बघत असतात!" तो एकदम म्हणाला आणि मग त्याचाच आवाज उतरला. "लोक काय म्हणतील? हौस म्हणून बायकोला फिरवायला आणलंय म्हणतील."

खरं कारण बाहेर आलं ते असं. तिला वाटलं, हातातलं फडकं त्याच्या तोंडावर फेकावं. तिने ते घडी घालून बॉनेटवर ठेवलं.

दुपारी लंबू आला. माणूस वाईट नव्हता, हे आणखीनच वाईट. दारातून वाकून आत येत म्हणाला, "वहिनी, गाडी एक नंबर केलीय बघा यांनी!"

"यांनीच," ती म्हणाली.

लंबू सीटमध्ये बसला. पाठ टेकली, पाय टेकले, गुडघे हवे तेवढेच वाकले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा समोर बसलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. त्याने पिशवीतून कागद काढले. रॅली ज्या घाटात होणार त्याच रस्त्यावर तो मागे दुसऱ्या कोणाबरोबर बसला होता, तेव्हाच्या वळणांच्या खुणा तयारच होत्या. "नव्याने कशाला लिहायच्या? वळणं काय जागा बदलतात?" म्हणाला आणि स्वतःच हसला.

"चल, एकदा उभ्या गाडीत वाचून बघू," नवरा म्हणाला. त्याने स्टिअरिंग धरून डोळे मिटले.

ती दाराशी उभी राहिली. जायला हवं होतं, पण पाय निघेना. लंबू वाचायला लागला. आवाज खडखडीत होता, घाई फार, पण वाचत होता बरा.

"डावं पाच. सरळ. उजवं एक."

नवऱ्याचे हात जरासे वळले आणि उजवा पाय खाली गेला. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकला. लंबूची नजर कागदावर होती, नवऱ्याचे डोळे मिटलेले. ते तिने एकटीने पाहिलं.

त्यांनी वळणांना आकडे दिले ते कोणाला न विचारता, घरच्या घरी. एक म्हणजे नुसता बाक, वेग सोडायचा नाही. सहा म्हणजे रस्ता उलटाच फिरतो, ब्रेक मारल्याशिवाय गत नाही. बाकी बहुतेक रॅलीजग याच्या उलट मोजतं. तिथे एक हेच सगळ्यांत वाईट. हे तिला मागाहून कळलं होतं आणि तिने त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, "राहू दे गं. आपल्या दोघांतच तर आहे."

आता ते तिघांत होतं. लंबूचं 'उजवं एक' म्हणजे कड्यावरचं वळण, आणि तिचा नवरा त्या वळणावर पुरता वेग देऊन बसला होता.

तिने तोंड मिटून घेतलं. क्षणभरच, पण घेतलं. लोकांना बघू दे, असं तिच्या मनात आलं. लोकांचीच पडलीय ना याला? नाही बोलले तर कोण मला विचारणार आहे? लंबू पुढे वाचत होता आणि नवऱ्याचा पाय तसाच होता. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, सोफ्यावर व्हायची तशीच. तिला स्वतःची भीती वाटली.

"थांबा," ती म्हणाली. "भाऊजी, तुमचं एक म्हणजे याचं सहा."

लंबूचं वाचणं थांबलं. मग नवऱ्याने डोळे उघडून आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि पाय निखाऱ्यावर पडल्यासारखा झटकन उचलला. लंबूच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "वाचवलंत हो."

नवरा तिच्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"मग हे आधी नाही का सांगायचंस?"

तिला हसूच आलं. गरज सरो, वैद्य मरो हे ठाऊक होतं. इथे वैद्यालाच विचारत होते, औषध आधी का नाही दिलंस म्हणून.

"द्या इकडे कागद," ती म्हणाली.

नवऱ्याच्या कानांना आता नवे आकडे शिकवायला वेळ नव्हता, रॅली चार दिवसांवर आली होती. तेव्हा कागदच बदलणं भाग होतं. ती आडव्या ठेवलेल्या टायरवर बसली आणि एकेक आकडा खोडून त्याच्यावर आपला लिहायला लागली. एकाचा सहा, पाचाचा दोन. दोघं पुरुष बाजूला उभे राहून तिचा हात बघत होते. लंबूने तिला पाणी आणून दिलं. नवऱ्याने दिवा तिच्या बाजूला वळवला. कड्याच्या वळणापाशी आली तेव्हा तिने तो सहा दोनदा गिरवला, खाली रेघ ओढली आणि तिच्याखाली आणखी एक ओढली.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

"सगळं नीट आहे ना?"

"बघ तपासून."

"मी काय तपासणार? मला वाचून कळत नाही, ऐकून कळतं." तो गाडीत जाऊन बसला. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूच वाच ना एकदा. तू वाचलंस की मला खात्री पटेल."

त्याने डोळेही मिटले. ती वाचेल यात त्याला तीळमात्र शंका नव्हती. लंबू सीटमधून अर्धवट उठला, तिला जागा करून द्यावी की नाही ते न कळून.

तिने खिडकीतून हात घालून कागद लंबूच्या मांडीवर ठेवले.

"बसा, भाऊजी. तुम्हीच वाचा."

नवऱ्याने डोळे उघडले. "अगं, एकदाच. काय होतंय?"

"माझ्या आवाजाची सवय मोड आता," ती म्हणाली.

ती घरात आली आणि हात धुवायला लागली. नखांतलं काळं निघत नव्हतं. शेडमध्ये लंबू वाचायला लागला होता, या वेळी सावकाश, एकेक शब्द तोडून. दोन वळणं झाली की नवऱ्याचा आवाज यायचा, "थांब. पुन्हा वाच." लंबू पुन्हा वाचायचा. तिने नळ बंद केला, तरी ते चालूच होतं.