शकील मिस्त्रीच्या सायकली

नोटीस मीच लिहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता बिल्डिंगमध्ये जो तो म्हणतो की कमिटीनं लिहिली. कमिटी म्हणजे मी. बाकीचे सह्या करतात आणि चहा पितात. तीस वर्षं सरकारी कचेरीत घासून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे नोटीस कशी लिहावी हे मला पांढरकवड्यात कोणी शिकवायची गरज नाही. 'जिना व वाहनतळ ही सामाईक वापराची जागा असून तेथे खासगी सामान ठेवण्यास मनाई आहे. तीन दिवसांत सामान न हटविल्यास' वगैरे वगैरे. लिहून झाल्यावर बायकोला, सुनीतीला, मोठ्यानं वाचूनही दाखवली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सायकलीच तर आहेत. तुमचं काय खातात?"

सामान म्हणजे सायकलीच होत्या. एकोणीस. शकील मिस्त्रीनं जिन्याखाली लावलेल्या, पण त्याच्या मालकीची त्यातली एकही नव्हती.

शकील आमच्या खालीच, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. तो आणि त्याची बायको हमीदा, दोघंच. बसस्टँडजवळ त्याच्या बापाच्या वेळची सायकल दुरुस्तीची टपरी होती. रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली. तेव्हापासून तो अवजारांची पेटी घेऊन आसपासच्या गावांच्या बाजारात बसायला लागला. पण टपरीत दुरुस्तीला आलेल्या आणि कोणी न्यायलाच न आलेल्या सायकली राहिल्या, त्या त्यानं घरी आणल्या. लोकांनी मोटारसायकली घेतल्या होत्या, कोणाची पोरं मोठी होऊन पुण्या-नागपूरला गेली होती. सायकल दिली होती हेच लोक विसरले होते.

मी त्याला म्हणालो, "अरे, विकून टाक भंगारात. किती वर्षं सांभाळणार?"

"अमानत आहे साहेब. लोकाची वस्तू कशी विकू?"

"मग लोकांना सांग घेऊन जा म्हणून. गाव केवढंसं आहे."

तो हसला. "अब्बानं सांगितलं होतं, दुरुस्तीची सायकल विकायची नाही, तिचं सामान काढायचं नाही आन् मालकाच्या दारी बोलवाले जायचं नाही. मिस्त्री दारात दिसला का मानसाले वाटते, पैसे मांगाले आला. ज्याची हाय तो येते आपल्या पायानं."

प्रत्येक सायकलच्या हँडलला तारेनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असायची. वर मालकाचं नाव, खाली काय काम करायचं ते, आणि काम झालं की 'तयार'. हे सगळं मला जुनाट आणि बावळटपणाचं वाटलं. त्यात माझ्या स्कूटरला एका पॅडलचा ओरखडा पडला होता. मी म्हणालो, "अमानत तुझी, जागा आमची." या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. संध्याकाळी रूपसिंगलाही ऐकवलं. रूपसिंग तिसऱ्या मजल्यावर राहतो, एसटीत कंडक्टर आहे. तो म्हणाला, "बरोबर हाय तुमचं." तो तिकीट नसलेल्या माणसालाही असंच म्हणतो.

नोटीस लागल्यावर शकील वर आला. दारातच उभा राहिला. "साहेब, मले दोन महिने द्या. जागा पाहून राह्यलो."

"माझ्या हातात काही नाही रे. नियम सगळ्यांना सारखा."

माझ्याच हातात होतं सगळं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकेक सायकल खांद्यावर घेऊन त्यानं सगळ्या वर नेल्या. मी बाल्कनीतून वाहनतळाकडे पाहिलं. स्वच्छ झाला होता. मला बरं वाटलं.

सुनीती एकदा वाटीभर लोणचं घेऊन खाली गेली, ती अर्ध्या तासानं आली. सांगायला लागली, की पुढच्या खोलीत दोन्ही भिंतींना सायकली, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, पॅडल एकमेकींत अडकवून अशा बसवल्यात की मध्ये सूप ठेवायला जागा नाही. माळ्यावर दोन. न्हाणीच्या दारावर एक टांगलेली. हमीदाला साखरेचा आजार, गुडघे गेलेले, अंगानं जड. मागच्या खोलीतून दारापर्यंत यायचं तर तिला आडवं होऊन सरकावं लागतं, म्हणून ती येतच नाही.

"काही म्हणाली का?"

"म्हणाली, ताई, घरात सायकली नाहीत, सायकलीत घर आहे. आणि हसली." सुनीतीनं रिकामी वाटी ओट्यावर ठेवली. "तिला दम लागत होता हो हसताना. तुम्ही तो कागद काढा."

मी म्हणालो, पाहतो. कचेरीत 'पाहतो' म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

थंडी सुरू झाली होती. सकाळचे दहा वाजले असतील. शकील पाटणबोरीच्या बाजाराला गेला होता. सुनीतीला खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. ती अंगानं किरकोळ, म्हणून कशीबशी आत घुसली. हमीदा मागच्या खोलीत चुलीच्या ओट्यापाशी पडली होती, घामानं भिजलेली, छाती धरून. सुनीतीनं मला हाक मारली, मी दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी पंधरा मिनिटांत आली, त्यांना बोल लावता येणार नाही. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली आणि दारातच थांबली.

"हे काढा आधी," त्यातला एक म्हणाला.

रूपसिंगची रजा होती, तो धावत आला. आम्ही काढायला लागलो. मला वाटलं होतं, सायकली म्हणजे काय, ओढली की निघाली. पण शकीलनं त्या जशा रचल्या होत्या तशा त्यालाच काढता येत होत्या. कोणती आधी, कोणती नंतर, हे त्याच्या डोक्यात. मी मधली एक धरून ओढली, तिचं पॅडल शेजारणीच्या चाकाच्या तारांत घुसलं. रूपसिंगनं जोर लावला तर अख्खी रांग आमच्या अंगावर कलली आणि होती तीही फट बुजली. मी शिव्या देत होतो. कोणाला, ते मला सांगता येणार नाही. आतून सुनीती म्हणत होती, "लवकर करा, लवकर करा." आणि मध्येच हमीदाचा आवाज आला, अगदी बारीक.

"ओढू नका साहेब. तारा तुटतीन. लोकाच्या हायेत."

शेवटी तिला चादरीत घालून चौघांनी सायकलींच्या वरून काढली. आमचे पाय चाकांत अडकत होते. तिचा हात एका हँडलला लागला तर तिनं तो स्वतःच आवरून घेतला. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं होतं, सवय आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, अर्धा तास आधी आली असती तर प्रयत्न करता आला असता. रागानं नाही म्हणाले, नेहमीसारखं म्हणाले. साडेबाराला हमीदा गेली.

शकील आला तेव्हा तिला घरी आणायची तयारी चालली होती. त्यांच्यातल्या बायका आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मय्यतीला आंघोळ घालायची तर पुढची खोली मोकळी पाहिजे, घरात उभं राहायला जागा नाही. शकील आत गेला, आम्ही विस्कटलेली रांग त्यानं एकदा पाहिली. मग दाराजवळची डावीकडची उचलली, मग उजवीकडची तिसरी, मग पहिली. एकही पॅडल कुठं अडलं नाही. दहा मिनिटांत त्यानं खोली रिकामी केली. आम्ही जिन्यात रांग करून उभे होतो, वरून आलेली सायकल खालच्याच्या हाती द्यायची. रडायला येत होतं, पण हातात सायकल असल्यावर रडता येत नाही.

नववी की दहावी सायकल माझ्या हातात आली. निळी, पातळ टायरची, मडगार्डवर क्रिकेटच्या चेंडूचं अर्धं सोललेलं स्टिकर. ते स्टिकर मी ओळखलं. मग चिठ्ठी वाचली. 'सदाशिव बाबू, कचेरी. चेन, मागचा ब्रेक. तयार.'

सदाशिव बाबू म्हणजे मीच. सायकल माझ्या मुलाची, सलीलची होती. तो पुण्याला शिकायला गेला त्या उन्हाळ्यात मीच टपरीवर टाकून आलो होतो. आठ वर्षं झाली. माझ्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

मी तार पिळून चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. मग सायकल खाली रूपसिंगच्या हाती दिली. मान वर केली तर शकील पुढची सायकल घेऊन उभा होता, मी घ्यायची वाट पाहत.

मी कब्रस्तानात गेलो. सगळ्यांसारखी तीन मुठी माती टाकली. सायकली वाहनतळात रांगेनं उभ्या होत्या आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी तर नाहीच. तिसऱ्या दिवशी फातेहाच्या प्रार्थनेला आलेली माणसं तिथंच खुर्च्यांवर बसली. बसल्या बसल्या नौशाद टेलर उठला, एका सायकलजवळ गेला आणि चिठ्ठी वाचून म्हणाला, "शकीलभाई, ये तो मेरी है. मैं तो भूल गया था." शकील म्हणाला, "ले जाओ, तयार आहे." गोष्ट गावात पसरली. कोणी माना खाली घालून आले, कोणी पोराला पाठवलं. पंधरा दिवसांत अठरा सायकली गेल्या. जिवंतपणी हमीदाला हातपाय पसरायला जेवढी जागा मिळाली नाही तेवढी ती गेल्यावर पंधरा दिवसांत झाली.

एक उरली. शकीलनं ती पुसली, तेल दिलं आणि उचलून वर न्यायला निघाला. मी जिन्यातच भेटलो.

"हिची चिठ्ठी पडली साहेब कुठंतरी," तो म्हणाला.

"हो का," मी म्हणालो.

"घरात ठेवतो. आता जागा हाय. मालक येईल."

त्याला माहीत आहे. चिठ्ठी त्यानंच लिहिली होती, आणि एकेक सायकल त्याला पाठ असायची. पण तो माझ्या दारी येणार नाही. मी नोटीस लावली तेव्हासुद्धा, स्वतःची बायको आडवी होऊन सरकत होती तेव्हासुद्धा, ही सायकल तुमची आहे, एवढी तरी घेऊन जा, असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. मी जीव घेतला असं कोणी म्हणत नाही. मी म्हणतो.

काल त्याच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. रिकाम्या खोलीत भिंतीला ती निळी सायकल टेकवलेली, आणि शेजारी जमिनीवर शकील एकटा जेवत होता. मला पाहून उठायला लागला. "या साहेब. काही काम होतं?"

मी म्हणालो, "नाही रे, सहज," आणि वर निघून आलो.