उसन्या कोटाची उजवी बाजू

मी एक जुना काळा कोट आहे. गेल्या फॉर्मल नाइटला मी पाठीतून उभा फाटलो आणि माझे दोन तुकडे झाले.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी अखंड आहे, दोन बाह्यांचा आहे आणि अगदी मजेत आहे. तर मित्रांनो, पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. एका बाईंनी माझी डावी बाजू शिवली, दुसऱ्या बाईंनी उजवी, आणि तिसऱ्या बाईंनी दोन्ही बाजू पाठीत जोडल्या. तिसऱ्या बाई त्या दिवशी घाईत होत्या. हे लक्षात ठेवा. म्हणजे, नका ठेवू. त्यातून पुढे काही घडलेलं नाही.

मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी घरी नेईल आणि कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात सुखाने ठेवेल. पण माझ्या नशिबी क्रूझ आली. तिथे प्रत्येक सफरीत एकदा फॉर्मल नाइट असते. त्या संध्याकाळी मोठ्या जेवणघरात पुरुषांना कोटाशिवाय प्रवेश नाही. जो कोट विसरेल, त्याच्यासाठी दारामागे एक खुंटी आणि खुंटीवर मी. माझं माप असं, की मी कुणालाच नीट बसत नाही, पण कुणाला नाहीही म्हणत नाही.

सात वर्षं मी लोकांची लाज राखली. लोक मला घालताना म्हणायचे, "वाचलो बुवा!" आणि काढताना माझ्या खिशात माशाचे काटे ठेवून जायचे. "माझा कोट" असं मला आजवर कुणीही म्हटलेलं नाही. मला याचं वाईट वाटत नाही. मला याचं फार म्हणजे फारच वाईट वाटतं.

दारावर हेडवेटर असायचे. बाकीचे वेटर त्यांना पाठीमागे नियमबुवा म्हणत. एकदा कप्तानसाहेब स्वेटर घालून जेवायला आले, तर नियमबुवांनी त्यांनाही परत पाठवलं. साहेब त्या दिवशी बिस्किटं खाऊन झोपले.

गेल्या सफरीत एक मुलगी आपल्या बाबांना आणि मामाला घेऊन आली होती. हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मुलीची आई गेली, तेव्हा बाबांनी आठवड्याच्या आत तिचे सगळे कपडे वाटून टाकले. मामाने बहिणीचा फक्त एक स्वेटर मागितला होता. तोही वाटला गेला, असं बाबांनी सांगितलं. तिथेच सगळं तुटलं. आता बोट बंदराला लागली, की मुलगी तिथूनच परदेशी नोकरीला जाणार होती. त्याआधी दोघांनी एकदा तरी आपल्याबरोबर एका टेबलावर जेवावं, एवढीच तिची इच्छा होती. सफरीची ती शेवटची संध्याकाळ. तिने तिघांचं टेबल राखून ठेवलं होतं. साडेआठला दार बंद होणार होतं.

ती आत जाऊन बसली. सव्वाआठला दोघं दारात आले. दोघंही शर्टावर.

"माझा कोट घरी राहिला," बाबा आनंदाने म्हणाले.

"माझाही," मामा त्याहून आनंदाने म्हणाला.

एकाच टेबलावर बसणं टळावं म्हणून दोघांनी वेगवेगळ्या घरी बसून एकच युक्ती केली होती. एवढं एकमत त्यांचं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

"काळजी नको," नियमबुवा म्हणाले. "कोट आहे. पण एकच."

"त्यांना द्या," बाबा नियमबुवांना म्हणाले.

"त्यांनाच सांगा, मोठे ते आहेत," मामाही नियमबुवांनाच म्हणाला.

मित्रांनो, तुम्हाला कधी दोन माणसांनी एकाच वेळी नको म्हटलंय का?

शेवटी मुलगी उठून दारात आली. तिचे डोळे भरले होते. "आईनंतर मला तुम्ही दोघंच आहात," ती म्हणाली. "मी तिकडे कुणाच्या आठवणी काढायच्या? या खुंटीच्या?" आणि ती परत टेबलावर जाऊन तीन ताटांसमोर एकटी बसली.

आठ सत्तावीस. बाबांनी मला खुंटीवरून ओढलं, डाव्या बाहीत हात घातला आणि माझी उजवी बाजू पुढे धरली.

"घाल हात."

"कुठे, भाऊजी?"

"बाहीत! कोटात आणखी कुठे घालतात?"

नियमबुवांनी नियमांचं पुस्तक उघडलं. प्रत्येक पुरुषाच्या अंगात कोट असावा, असं लिहिलं होतं. एका कोटात किती पुरुष असावेत, याबद्दल पुस्तक गप्प होतं. नियमबुवांचा चेहरा पडला. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

दोघं खुर्च्या चिकटवून बसले. बाहेर मोकळा हात प्रत्येकी एकच. बाबांच्या हातात काटा, मामाच्या हातात सुरी.

"नीट धरा की, भाऊजी! बटाटा पळतोय."

"तू आधी कापायला शीक. करवत चालवतोयस का?"

मुलगी हसत होती आणि रुमालाने डोळे पुसत होती. माझी पाठ कुरकुरत होती, पण मी दम धरला. कारण मित्रांनो, सात वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी घट्ट धरून ठेवलं होतं.

मग बाबा ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "तो स्वेटर मी वाटला नाही. माझ्या उशाखाली आहे. तुला द्यायला लागेल, म्हणून खोटं बोललो."

मामा त्यांच्याकडे वळला. तेही मामाकडे वळले. दोन माणसं समोरासमोर येतील, अशी माझ्या कटिंगमध्ये सोयच नव्हती.

फर्र.

हे झालेलं नाही.

बरं, झालं. नियमबुवा धावत आले, दोन अर्धे कोट पाहून त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं, आणि प्रत्येकाच्या अंगात कोट आहे अशी नोंद करून गोड पदार्थ वाढायला सांगितलं. निघताना मामा मला थोपटत म्हणाला, "भाऊजी, आपला कोट." आपला! मी ऐकलं. पण पलीकडे डाव्या बाजूला ऐकू आलं की नाही, ते मला माहीत नाही.

बोटीवरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "दहा मिनिटांचं काम आहे." पण उसना कोट फाटल्यावर शिवलेला, सांधलेला नसावा, असा नियम आहे. डावी बाजू पितळ पुसायला गेली. मी बूट पॉलिशच्या पेटीत आहे. काजं तिकडे, बटणं माझ्याकडे.

मित्रांनो, उसनी वस्तू जपून वापरा. ती फाटेल म्हणून नाही. जाताना तिचा अर्धा भाग कुठे ठेवला, तेवढं तिला सांगत जा.

प्रति,
माननीय कप्तानसाहेब,

विषय : डावी बाजू भेटीस मिळण्याबाबत.

महोदय, पितळ विभागातील डावी बाजू प्रत्येक फॉर्मल नाइटला पाच मिनिटांकरिता बूट विभागात पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती. एक बटण लावून पाहायचे आहे.

सोबत : बटणे तीन.

आपली विश्वासू,
उजवी बाजू